वरची ओळ

निहार, तन्वी,

गेल्या रविवारी आपण बोलत होतो तेव्हा टेबलावर टेकवून ठेवलेल्या माझ्या टॅबवर मध्येच लाल अक्षरांत काहीतरी आलं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ते पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला लागले. तुम्ही दोघं खो खो हसलात. "आजी, तुला शिक्षा केलीय का कोणी?" असं तन्वी म्हणाली.

ही सवय माझी नाही. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या रेवणसिद्ध सरांची. ते कोण, हे तुम्ही विचारलंत आणि मी विषय बदलला, कारण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. कागदावर मी जरा बरी बोलते. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते. वाचणाऱ्याला फसवलेलं मला आवडत नाही. सरांच्या बायकोचा, शैलजाचा, एक रिपोर्ट वेळेवर पोचला नाही आणि त्यात ती गेली. तो का पोचला नाही, हे सरांनीच शोधून काढलं. पण माणूस आधी कळला पाहिजे, म्हणून क्रमाने लिहिते.

रेवणसिद्ध सर मूळचे अक्कलकोटकडचे. घरी कानडी, बाहेर मराठी. अनेक वर्षं बेंगळुरूला कंपनीत काढून, आईच्या आजारपणात परत आले आणि जुळे सोलापुरात आमच्या इमारतीत फ्लॅट घेऊन राहिले. उंच, जरा पुढे वाकलेले. सकाळी अंघोळ झाली की कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे असायचे. दुपारपर्यंत घामाने पुसट व्हायचे. सोलापूरच्या उन्हात दुसरं काय होणार? माणसांशी कमी बोलायचे. कॉम्प्युटरशी जास्त, आणि तेही कानडीत. तो अडला की त्याच्याकडे वाकून हळूच विचारायचे, "याक?" म्हणजे, का? रुसलेल्या नातवाला विचारावं तसं.

त्यांच्या हॉलमध्ये चार जुने कॉम्प्युटर होते. हॉल आणि आतली खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, सोलापुरी चादरीचा पडदा होता. तिथे ते पर्ल शिकवायचे. पर्ल ही कॉम्प्युटरला कामं सांगायची एक जुनी भाषा. नव्या मुलांना ती जुनाट वाटते. पण आमच्याकडच्या टॉवेलच्या कारखान्यांत, दवाखान्यांत, गोदामांत कोणीतरी कधीतरी या भाषेत लिहून ठेवलेले छोटे छोटे प्रोग्राम अजून चालतात. ते बंद पडले की हात लावायला माणूस मिळत नाही. सर तशी माणसं तयार करत होते.

मला त्यात कसं ओढलं तेही सांगते. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. एका संध्याकाळी सर दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"बाई, तुमचं इंग्रजी पाहिजे होतं."

"कशाला? अर्ज लिहायचाय का?"

"नाही. शिव्या वाचायला."

मी बघतच राहिले. मग त्यांनी समजावून सांगितलं. कॉम्प्युटर अडला की का अडला ते इंग्रजीत लिहून दाखवतो. आमची मुलं मराठी शाळेतली, तेलुगू-कानडी घरांतली. लाल ओळ दिसली की त्यांना वाटतं मशीन आपल्याला शिव्या देतंय. मग डोळे मिटून बोटं चालवायची, हे पूस, ते बदल, अजून बिघडव. "पर्ल मी शिकवतो. ते काय म्हणतंय ते वाचायला तुम्ही शिकवा. न घाबरता."

म्हणून मी आठवड्यातून काही संध्याकाळी खाली जाऊन बसायला लागले. तिथला नियम एकच होता आणि तो सगळ्यांना लागू होता. चूक आली की खुर्चीवरून उठायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि मशीनने काय म्हटलंय ते आख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचायचं. मग मराठीत सांगायचं. मगच बसायचं आणि मगच बटणाला हात लावायचा. सर स्वतःही तसंच करायचे. पन्नाशीचा, विभूती लावलेला माणूस हात मागे बांधून स्क्रीनसमोर उभा राहून धडा म्हटल्यासारखा वाचतोय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही तुमच्यासारखीच हसले होते.

वर्गात दत्ता नावाचा मुलगा होता. करमाळा तालुक्यातल्या केमचा. रेल्वेने यायचा, बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायचा, आणि वर्गातली सगळी चटणी सरांच्या कीबोर्डात गेली असं शैलजा म्हणायची. एकदा त्याला स्क्रीनवर असं वाक्य आलं की या नावाचा पत्ता आधी नीट सांगा, मगच ते वापरा. इंग्रजी मोठं अगडबंब होतं. दत्ता हात मागे बांधून उभा. मी शब्दाशब्दाने अर्थ सांगत गेले. तो ऐकत होता, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"आजी, म्हंजी हे इचारतंय, पाव्हणं कुटलं?"

"अगदी तेच."

"मग सरळ इचारायचं की! एवढं इंग्लिश कशाला फाडायचं?"

सर हसले. ते फार कमी हसायचे. "नवीन नाव पहिल्यांदा आलं की त्याच्यापुढं इंग्रजी 'माय' लिहायचं, दत्ता. ते विचारतंय पाव्हणं कुठलं, आपण सांगायचं, आमचंच आहे." त्यानंतर त्या वर्गात ती चूक कोणालाही आली की बाकीचे ओरडायचे, "पाव्हणं कुटलं?"

दुसऱ्या वेळी सरांनी सोपा प्रोग्राम लिहायला दिला. गावाचं नाव विचारायचं आणि यादीत असेल तर रामराम म्हणायचं. दत्ताने यादीत केम लिहिलं, शेजारचं जेऊर लिहिलं, प्रोग्राम चालू केला, केम टाइप केलं. प्रोग्राम म्हणाला, असं गाव नाही. त्याने पुन्हा टाइप केलं. असं गाव नाही. दत्ता लालबुंद झाला.

"ह्याच्या मायला! आमचं केम वळखत न्हाय व्हय? टेशन हाय तितं!"

आतून पडद्याआडून शैलजा म्हणाली, "अरे, जेऊर विचारून बघ. त्यांचं तुमचं जमत नसेल."

जेऊरही ओळखलं नाही, तेव्हा कुठे दत्ताला जरा बरं वाटलं. मग सरांनी दाखवलं. आपण नाव लिहून एंटर दाबतो ना, तो एंटरसुद्धा नावाच्या शेपटीला चिकटून आत जातो. डोळ्यांना दिसत नाही. मशीनला दिसतो. ती शेपटी कापायला एक शब्द आहे. "दिसत नाही म्हणजे नाही, असं समजू नका," एवढं बोलून सर पुढे गेले. 

पण त्यांचं लाडकं वाक्य वेगळं होतं. नवशिक्यांची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे ओळीच्या शेवटचं अर्धविरामाचं चिन्ह विसरणं. ते विसरलं की मशीन त्या ओळीवर बोट ठेवत नाही, त्याच्या खालच्या ओळीवर ठेवतं, कारण तिथे पोचल्यावर त्याला कळतं की आधीचं वाक्य संपलंच नव्हतं. मुलं खालची ओळ न्याहाळत बसायची. "सर, हितं तर कायबी चुकलं न्हाय." सर मागून जाता जाता म्हणायचे, "वरची ओळ बघा." दिवसातून किती वेळा म्हणायचे देव जाणे. शैलजा त्यांची नक्कल करायची. भाजीत मीठ जास्त झालं असं सर म्हणाले की ती म्हणायची, "वरची ओळ बघा. मीठ तुम्हीच आणलंय."

वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी म्हणजे भाग्या. भाग्यलक्ष्मी. तेलुगू विणकरांच्या घरातली, वडील यंत्रमागावर. बारीक चणीची, दोन वेण्या सोडून एक वेणी घालायला लागली होती एवढीच मोठी. दत्ता चूक आली की भांडायचा. भाग्या चूक आली की गप्प व्हायची आणि ती सुटेपर्यंत पाणीसुद्धा प्यायची नाही. सर तिला जास्त रागवायचे, याचा अर्थ मला शिक्षिका म्हणून लगेच कळला. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याचं काम सर अधूनमधून बघायचे. त्यांनी कॉम्प्युटरचं कायमचं माणूस मागितलं तेव्हा सरांनी तिचंच नाव दिलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्याने काही बदलणार नाही.

तिथे तिने लिहिलेला एक प्रोग्राम रोज सकाळी चालायचा. दवाखान्यात तपासणीचे चार विभाग. प्रत्येक विभाग आपले निकाल आपापल्या फाइलीत ठेवायचा. भाग्याचा प्रोग्राम एकेक फाइल उघडून, ज्यांच्या निकालात काही काळजीचं आहे त्यांची नावं वेचून एक यादी डॉक्टरांच्या टेबलावर पाठवायचा. यादीत नाव असलं की दवाखान्यातून घरी फोन जायचा.

आता इथे सरांची एक शिकवण सांगितली पाहिजे. पर्लमध्ये फाइल उघडायला सांगताना शेवटी दोन शब्द लिहायचे असतात: ऑर डाय. म्हणजे, उघड, नाही तर मर. ते लिहिले नाहीत आणि फाइल उघडली नाही, तरी प्रोग्राम थांबत नाही. फाइल रिकामी होती असं समजून पुढे जातो आणि शेवटी 'काम झालं' असं छापतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुरकुरले. म्हटलं, "अहो, लहान मुलींना हे काय मरणाचं शिकवता?"

"मरू दे बाई," सर म्हणाले. "जिथं अडलं तिथं, कारण सांगून मरू दे. सगळ्यांना कळतं. न करता 'झालं' म्हणणारा जास्त वाईट."

"ह्यांचं सगळं बोलणंच मरणाचं," शैलजा आतून म्हणाली. "लग्न ठरवायला आले तेव्हा पण तोंड असंच होतं."

'झालं' हा शब्द त्यांना खपायचाच नाही. इमारतीचा वॉचमन म्हणाला, साहेब, टाकी भरून झाली, तर सर विचारायचे, "झाली म्हणजे काय झालं? वर जाऊन बघितलंस?" दूधवाला, इस्त्रीवाला, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांना तोच प्रश्न. "झालं म्हणजे काय झालं?" सेक्रेटरी त्यांना बघून जिना बदलायचे. इतकी वर्षं शेजार होता, पण सरांच्या तोंडून स्वतःच्या कामाबद्दल 'झालं' मी कधी ऐकलं नाही. "चाललंय, बघतोय," एवढंच.

शैलजाला गाठ लागली ती अंघोळ करताना. तिने आधी मला सांगितलं, मग सरांना. भाग्या होती त्याच दवाखान्यात गेलो. मी बरोबर होते. गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवायचा होता. आम्ही तिघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो, मध्ये शैलजा. आत बोलावण्याची वाट बघत होतो. ती मला दत्ताच्या चटणीचं काहीतरी सांगत होती.

सरांचा फोन वाजला. त्यांनी बघितला आणि खिशात ठेवला. पुन्हा वाजला.

"घ्या की," शैलजा म्हणाली. "भाग्या असेल. खालीच बसलीय ती, घाबरली असेल."

सरांनी घेतला. भाग्याचा आवाज मला बाकावर ऐकू येत होता, इतकी ती रडकुंडीला आली होती. चारांपैकी एका विभागाचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं, त्याची फाइल आलीच नव्हती. प्रोग्राम तिथे अडून मेला होता, शिकवल्याप्रमाणे. त्यामुळे यादीच निघाली नव्हती. डॉक्टर ओरडत होते, व्यवस्थापक खुर्चीमागे उभा होता. तेवढ्यात आतून नर्सने शैलजाचं नाव पुकारलं. सर उभे राहिले, एक हात शैलजाच्या खांद्यावर, आणि फोनमध्ये म्हणाले, "तेवढं ऑर डाय काढून टाक आत्ता. एक फाइल नसली तर नसू दे, बाकीच्यांची यादी निघेल. मी नंतर बघतो."

यादी निघाली. सगळे शांत झाले. शैलजा आत गेली.

नंतर कोणीच बघितलं नाही. सरांच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नव्हतं, आणि भाग्याला वाटलं, सरांनीच सांगितलंय.

तपासणीच्या खिडकीवर आम्हाला सांगितलं होतं, "काही असलं तर आम्हीच फोन करू. नाही आला तर चांगलंच समजा." आपल्याकडे ही रीतच आहे. रिपोर्ट मागून घ्यायला कोणी जात नाही, उगाच अशुभ वाटतं. फोनची वाट बघायची आणि तो न येवो म्हणून मारुतीला तेल घालायचं. आठवडा गेला. दुसरा गेला. फोन आला नाही. शैलजाने पुरणपोळ्या केल्या आणि वर घेऊन आली. मागोमाग सरही आले होते.

"आला नाही बघा फोन, बाई. झालं एकदाचं."

मला आठवतं, मी सरांकडे बघितलं. आता ते विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही. दुधात बुडवलेली पोळी खात होते, डोळे मिटून. त्या माणसाला एवढं सुटल्यासारखं मी कधी पाहिलं नव्हतं.

काही महिन्यांनी शैलजाची पाठ दुखायला लागली. मग इतकी, की पडद्याला धरून उभी राहायची. पुन्हा दवाखाना. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर तिचं नाव काढलं आणि तारीख पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या वेळी परत का आला नाहीत?"

निकाल केव्हाच आला होता. कर्करोग होता, आणि तेव्हा तो तेवढ्या गाठीतच होता. आता हाडांत पोचला होता.

घरी आल्यावर सर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वर्ग भरवला. मी खाली गेले ती शैलजाजवळ बसायला. ती आतल्या खोलीत पलंगावर होती, पडद्याच्या पलीकडे. हॉलमध्ये दत्ता होता, आणखी दोनतीन मुलं होती. दारात भाग्या आली. चप्पल न काढताच उभी राहिली.

"सर, मी राजीनामा लिहून आणलाय."

"आत ये."

"काकूंचा निकाल लागला त्या दिवशी गाठीच्या विभागाची फाइल उशिरा आली होती सर. नेटवर्क बंद होतं. प्रोग्राम थांबला नाही. त्याने इशारा लिहिला होता, पण तो ज्या फाइलीत जातो ती कोणी उघडतच नाही. मी पण नाही. आख्ख्या विभागाची नावं यादीत आली नाहीत. बाकीच्यांना काही नव्हतं. फक्त काकूंनाच..." तिने ओढणीने तोंड पुसलं. "दवाखान्याचे साहेब म्हणाले, प्रोग्राम तुझा आहे. चूक तुझी. माझीच आहे सर."

"चप्पल काढ. आत ये. प्रोग्राम उघड."

तिने उघडला. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. सर उठले, हात पाठीमागे बांधले आणि वाचायला लागले. वरून, पहिल्या ओळीपासून. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं. आवाज नेहमीचा होता. मुलं सवयीने उभी राहिली होती, हात मागे बांधून. फाइल उघडायच्या ओळीशी सर थांबले.

"इथं काय होतं?"

भाग्या कीबोर्डकडे बघत होती.

"वाच. इथं काय होतं?"

"ऑर डाय होतं, सर."

"कोणी काढलं?"

"मी काढलं."

"वरची ओळ बघ."

ती नाही म्हणून मान हलवत राहिली. रडत होती. दत्ता खाली फरशीकडे बघत होता. तेव्हा सर वळले, वर्गाकडे नाही, आमच्या बाजूच्या चादरीच्या पडद्याकडे, आणि त्याच आवाजात म्हणाले, "मी काढायला लावलं. फोनवर. शैलजाला आत नेत होते तेव्हा."

माझा हात शैलजाच्या हातात होता. मला वाटलं, ती आता किंचाळेल. ती वर पंख्याकडे बघत होती. मग तिने आवाज दिला. आवाज बारीक झाला होता तिचा, पण हॉलमध्ये नीट ऐकू गेला.

"अहो, मी शेजारीच बसले होते की. ऐकलंय मी. तुम्ही फोन घेत नव्हता. घ्या म्हणून मीच म्हटलं. तुमच्या वरची ओळ माझी आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"त्या पोरीला पाणी द्या," ती म्हणाली. "आणि तिचा कागद फाडा."

मला वाटतं, तिने हे त्यांचं ओझं हलकं करायला म्हटलं. झालं उलटंच. रागावली असती तर सरांनी कदाचित सोसलं असतं.

त्या संध्याकाळी सरांनी भाग्याला तो प्रोग्राम दुरुस्त करायला लावला. स्वतः हात लावला नाही. तिने ते दोन शब्द परत लिहिले आणि एक सोय केली, की एखादी फाइल आली नाही तर बाकीची यादी निघेल, पण तिच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल, अमुक विभागाचे निकाल आलेले नाहीत. थोडंसंच काम होतं. त्या व्हरांड्यात फोनवर नीट सांगायलाही फार वेळ लागला नसता, असं सर मला नंतर म्हणाले. ते एवढंच म्हणाले, पुन्हा कधी नाही.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्याच्या साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून आले. साहेबांना ते नको होतं. बाहेरच्यांसाठी मशीनचा दोष म्हणून प्रकरण मिटत होतं, त्यात हा माणूस माझं नाव लिहा म्हणून बसला होता. शेवटी त्यांनी सरांचं काम काढून घेतलं आणि भाग्याला ठेवलं. सरांना तेवढंच हवं होतं.

शैलजा थंडी सुरू होताना गेली, घरीच. अखेरीला तिला आमच्यापैकी कोणी ओळखू येत नव्हतं. फक्त सर जवळ आले की ती कानडीत काहीतरी पुटपुटायची आणि ते कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकायचे. कॉलनीतले डॉक्टर आले, मनगट धरलं, डोळ्यांवर टॉर्च टाकला, आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं, सर."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. तोंडून सवयीने निघून गेलं, "झालं म्हणजे काय झालं?"

डॉक्टरांना वाटलं, माणसाला समजलं नाही. ते पुन्हा सांगायला गेले, तर दत्ताने त्यांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं.

लिंगायतांत बसवून नेतात. शैलजाला बसवलं होतं, कपाळावर विभूती लावून, गळ्यात फुलं घालून. सर समोर हात पाठीमागे बांधून उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते विचित्र वाटत होतं. कोणीतरी नातेवाईक कुजबुजलासुद्धा, अरे, हात तरी जोड म्हणावं. त्या हॉलमध्ये ज्यांनी कधी पर्ल गिरवलं होतं ती सगळी मुलं भिंतीशी तशीच उभी होती.

वर्ग बंद झाला. कॉम्प्युटर सरांनी दत्ताला दिले. तो केमला काही मुलांना शिकवतो म्हणे. भाग्या अजून दवाखान्यातच आहे. यादी निघाली की ती रोज स्वतः चारही विभागांत चालत जाते आणि माणसाला तोंडाने विचारून येते. तिचं लग्न ठरत नाही, कारण मुलीचं कामातून डोकं निघत नाही असं तिची आई म्हणते. मी तिला एकदा म्हटलं, "आता तरी सोड गं." ती म्हणाली, "मॅडम, सर येतात ना रोज."

तेव्हा मला कळलं, सर कुठे जातात ते. फ्लॅटला सकाळीच कुलूप लागायचं. मला वाटायचं, गावाकडे भावाकडे जात असतील.

मागच्या महिन्यात मी रक्त तपासायला त्या दवाखान्यात गेले होते. काळजी करू नका, साखरेचं नेहमीचंच. रिपोर्टाच्या खिडकीबाहेर तोच व्हरांडा, तेच बाक. सर तिथे उभे होते. दाढी वाढलेली, विभूती मात्र ताजी. बाकावरच्या माणसांसमोर वाकून एकेकाला विचारत होते, रिपोर्ट हातात घेतलात का, फोनची वाट बघू नका, आत जाऊन मागा. एक बाई पदर सावरून लांब सरकली. रखवालदार दुरूनच म्हणाला, "ओ सर, बसा की जरा! किती पिडायलाय लोकांना." त्याच्या आवाजात राग नव्हता. रोजचं असावं.

सरांनी मला बघितलं. "बाई. तुमचा आला?"

"आला. चांगला आहे म्हणाले."

"म्हणाले?"

मी पाकीट पर्समध्ये टाकलं होतं, न उघडता. ते काढलं. सर माझ्यासमोर सरळ उभे राहिले, जमेल तेवढे, आणि हात पाठीमागे बांधले. मला कागद धरायचा होता, म्हणून मी एकच हात मागे नेला. मग मी वाचायला लागले, वरच्या ओळीपासून, माझ्या नावापासून, वयापासून. आधी इंग्रजीत, मग मराठीत. लोक बघत होते. रखवालदारही बघत होता. शेवटच्या ओळीपर्यंत, सही कोणाची आहे इथपर्यंत वाचलं.

सरांनी मान हलवली. मग ते माझ्या शेजारी बसलेल्या बाईकडे वळले. ती कानडी लुगड्यातली म्हातारी होती, मुठीत पावती घट्ट धरलेली. सर तिच्यापुढे वाकले आणि तिच्या भाषेत, अगदी हळू, तिला विचारायला लागले.

तुमची,
आजी